एकतीस म्हणजे रेस्तुता

पडद्यावरच्या रोमन सेनापतीला नाव कोण ठेवतं, असं तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणाल, असेल कुणी इतिहासाचा प्रोफेसर. असेलही कुठे कुठे. आमच्या तिबुर्तीना रस्त्यावरच्या पत्र्याच्या स्टुडिओत ते काम सेत्तिमिया करायची, आणि ती टायपिस्ट होती. पटकथा लिहिणारा 'सेनापती', 'दुष्ट सिनेटर', 'म्हातारा गुलाम' एवढं खरडायचा आणि जेवायला निघून जायचा. मग सेत्तिमिया टाईपरायटरवर हात ठेवून बसून राहायची. काय करतेस म्हणून विचारलं तर म्हणायची, "थांब गं. याची आई याला काय म्हणून हाक मारत असेल ते बघते."

साठ-एकसष्ट सालच्या सुमाराची ही गोष्ट. तेव्हा रोममध्ये जो उठेल तो जुन्या रोमचा सिनेमा काढत होता. एका पिळदार गड्याला कातडं नेसवायचं, मोडायला दोन पुठ्ठ्याचे खांब द्यायचे, शेवटी देवळाला आग लावायची, की झालं काम. त्या सगळ्यांचे अंगरखे मी शिवले. पडद्यावर अख्खं सैन्य दिसायचं आणि कपडे असायचे मूठभर लोकांचे. तेच ते गडी टेकडीमागून वळसा घालून पुन्हा पुन्हा युद्धावर निघायचे. सेत्तिमिया आणि मी तेस्ताच्चोत, कत्तलखान्याच्या मागच्या गल्लीत, एकाच घरात भाड्यानं राहायचो. घरमालक चेसीदिओ. जिन्यात दिवा नाही, नळाला पाणी नाही, आणि तक्रार केली की म्हणायचा, सीझरच्या काळात तरी कुठे होतं.

तर सेत्तिमियाची पद्धत अशी होती. दुष्ट माणसाला ती जिवंत माणसाचं नाव द्यायची, ज्याच्यावर तिचा त्या आठवड्यात राग असेल त्याचं. त्यामुळे आमचा चेसीदिओ कितीदा तरी सिंहाच्या तोंडी गेला आणि एकदा उकळत्या तेलात पडला. तो मेला बायकोला घेऊन प्रत्येक सिनेमा बघायचा आणि गल्लीत सांगत फिरायचा, बघा, आमचं घराणं किती जुनं आहे ते. चांगल्या माणसांची नावं मात्र ती मेलेल्यांकडून आणायची. दर रविवारी बस पकडून आपिया रस्त्यावर जायची. त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना जुनी थडगी आहेत, फुटकी, गवतात लोळलेली, आणि बऱ्याच दगडांवर त्या मेलेल्यानं येणाऱ्याजाणाऱ्याला गळ घातलेली असते, वाटसरू, जरा थांब, माझं नाव वाच. कोण थांबतं? आमची बाई थांबायची. लॅटिन तिला देवळातल्या प्रार्थनेपुरतं येत होतं, तेही निम्मं चुकीचं. अडलं की ती तिथल्या म्हाताऱ्या पाद्रीबाबांना गाठायची. लिहून काही ठेवायची नाही. बसमध्ये येताना पुटपुटत यायची, 'अल्बुचिओ, फौस्ता, विताले, अल्बुचिओ, फौस्ता, विताले', आणि शेजारचे लोक हळूच सरकून बसायचे. मला लाज वाटायची. मी खिडकीबाहेर बघायची.

तिचं स्वतःचं नाव हा तिचा दुखरा दात होता. तिला तान्ही असताना कुणीतरी अनाथाश्रमाच्या दारात ठेवलं होतं. तिथल्या कारकुनाला जुन्या रोमचं भारी वेड. आता जुने रोमन लोक मुलीच्या नावासाठी कधी डोकं शिणवायचे नाहीत. बापाच्या घराण्याचं नाव लावायचं, आणि मुली जास्त झाल्या तर पहिली, दुसरी, तिसरी. कारकुनाला हे फार थोर वाटायचं. त्या महिन्यात दारात आलेलं सातवं मूल, म्हणून ही सेत्तिमिया. हिच्या आधीची सेस्तिलिया, नंतरची ओत्ताविया. घराणं कुणालाच नव्हतं, म्हणून आडनावं त्यानं रोमच्या टेकड्यांवरून लावली. हिच्या वेळी आवेन्तिनो टेकडीची पाळी होती, म्हणून सेत्तिमिया आवेन्तिनी.

"म्हणजे बघ," ती म्हणायची, "नाव म्हणजे रांगेतला नंबर, आणि आडनाव म्हणजे बसचा स्टॉप."

स्टुडिओत तिला सगळे 'सेत्ते' म्हणायचे. सेत्ते म्हणजे सात. ए सात, कागद आण. ए सात, कॉफी सांग. मीही सेत्तेच म्हणायची. वाईट हेतूनं नव्हे, जिभेला सोपं पडायचं एवढंच.

तर या नावं ठेवण्याच्या कामावर एकदा संक्रांत आली. आमचा दिग्दर्शक बोनाकोर्सी. त्याला आम्ही दोत्तोरे, म्हणजे पदवीवाला, म्हणायचो, कारण त्याला चष्मा होता आणि आमच्याकडे चष्म्याला तेवढं पुरतं. त्याच्या एका सिनेमात एक शूर, देशभक्त, पांढऱ्या दाढीचा सेनापती होता. सेत्तिमियानं त्याचं नाव ठेवलं पोर्चो. दगडावरचं खरंखुरं नाव, खानदानी, कुणी काही चुकीचं केलं नव्हतं. पण पोर्को म्हणजे डुक्कर, हे काय तिला माहीत नव्हतं? माहीत होतं, पण दगडासमोर उभी राहिली की तिला दुसरं काही ऐकू यायचं नाही. सिनेमा लागला तेस्ताच्चोत. समोर सगळे कत्तलखान्यातले हमाल आणि त्यांची पोरं. पडद्यावर सम्राट हात पसरून म्हणाला, "ये, पोर्चो, तुझ्यावाचून रोम पोरकं आहे," आणि थिएटरभर डुकरं ओरडायला लागली. सेनापती मरेपर्यंत ओरडत होती. तो मेल्यावर कुणीतरी वरून विचारलं, मांड्या कितीला देणार.

 दोन दिवसांनी बोनाकोर्सीनं सेत्तिमियाला बोलावलं. मी तिथेच एकाचा झगा बेतत होते, म्हणून सगळं ऐकलं.

"आजपासून नावं बंद," तो म्हणाला. "वीराला नाव, राणीला नाव, दुष्टाला नाव. बाकीचे नंबर. सैनिक एक, सैनिक दोन. दासी एक, दासी दोन, दासी तीन. नंबराला कुणी हसत नाही."

"मला हसतात, दोत्तोरे," सेत्तिमिया म्हणाली.

"तू सिनेमात नाहीस."

 बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "दासी तीन मरते, आर्जिया. वीरावर आलेला बाण आपल्या छातीवर घेते. आणि तिला नंबर?"

इथे तुम्हाला एका दगडाबद्दल सांगायला हवं, नाहीतर हिचं पुढचं वागणं तुम्हाला वेडेपणा वाटेल. मला वाटलंच होतं. आपिया रस्त्याला लागून एक आर्टिचोकच्या भाजीचा मळा होता. त्या मळ्याच्या भिंतीत कुणीतरी कधीतरी एक जुना दगड विटेच्या जागी बसवून टाकला होता. हातभर लांब. त्यावर एवढंच: रेस्तुता, दासी, इथे आहे, वाटसरू, नाव घे आणि जा. बाप नाही, नवरा नाही, मालकाचंही नाव नाही. पाद्रीबाबांनी सांगितलं, रेस्तुता म्हणजे परत मिळालेली. हरवलेली वस्तू कुणी आणून दिली की म्हणतात ना, तशी. सेत्तिमिया त्या दिवशी भिंतीसमोर इतका वेळ उभी राहिली की शेवटची बस चुकली आणि मी तिला वाटभर शिव्या घातल्या. तेव्हापासून ते नाव तिनं राखून ठेवलं होतं. कितीतरी राण्या आल्या, वीरांच्या बहिणी आल्या, तिनं ते कुणाला दिलं नाही. ते तिला एका दासीलाच द्यायचं होतं, चांगल्या दासीला, आणि तिची इच्छा एकच होती, की भरल्या थिएटरात, सगळ्यांसमोर, कुणीतरी ते एकदा मोठ्यानं घ्यावं.

"त्या दगडाशी काय करार केलायस का तू?" मी विचारलं.

"तिनं मागितलंय," ती म्हणाली. "नाव घे आणि जा. मी एकटी घेते त्याला काय अर्थ आहे? मला कोण ओळखतं?"

बोनाकोर्सीकडे ती परत गेली. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा त्यानं टेबलावर हात आपटला. पुढचा मार्ग सरळ नव्हता, आणि वाकडा मार्ग आमच्या धंद्यातच पडलेला होता.

आमच्या सेटवर आवाज कधी टिपतच नसत. एकीकडे राणी प्रेमाचं बोलतेय, मागे सुतार सिंहासन ठोकतोय, असला कारभार. बोलणं सगळं नंतर, डबिंगच्या खोलीत, दुसरीच माणसं भरायची. त्यामुळे सेटवर ज्याला वाक्य पाठ नसेल तो सरळ आकडे म्हणायचा. ओठ हलले की पुरे. आमचा वीर तर आकड्यांवरच जगायचा. पोस्टरवर त्याचं नाव डर्क मॅलरी असं झोकदार अमेरिकन असायचं, पण तो होता आमचाच रेमो, कत्तलखान्यात खांद्यावरून अर्धा बैल वाहून नेणारा. सम्राटाला आव्हान द्यायचं असलं की छाती काढून एक ते दहा. राणीच्या कानात गोड बोलायचं असलं की अकरा ते वीस. आणि बायका थिएटरात उसासे टाकायच्या.

दासी तीनच्या मरणाच्या जागी पटकथेत लिहिलं होतं: वीर तिला मांडीवर घेतो, काहीतरी म्हणतो, संगीत. सेत्तिमियानंच टाईप केलं होतं ते. त्या 'काहीतरी'तून ती आत शिरली.

मी घरी इस्त्री करत होते. ती आरशासमोर उभी राहून आकडे म्हणत होती, एकेक, तोंड वाकडंतिकडं करून. मला वाटलं, झालं, गेली हातची.

"आर्जिया, माझ्या ओठांकडे बघ. कान बंद कर."

"इस्त्री तापलीय."

"बघ म्हणते ना. त्रें-तू-नो." एकतीस. "आता बघ. रेस्-तू-ता."

मी बघितलं. पुन्हा म्हणायला लावलं. ओठ आधी फाकायचे, मग चोच व्हायची, मग उघडायचे. मिटायचे मात्र कुठेच नाहीत. शेवटचा 'ओ' आणि 'आ' सोडला तर दोन्ही जुळी भावंडं.

"रेमोला एकतीस म्हणायला लाव," ती म्हणाली, "आणि मग त्या तोंडात तिचं नाव सोडून दुसरं काही बसतच नाही."

"एकतीस म्हणजे घरमालक," मी म्हणाले.

 नाताळात तोंबोला खेळताना आमच्याकडे प्रत्येक आकड्याला नाव असतं, सत्याहत्तर म्हणजे बाईच्या तंगड्या, नव्वद म्हणजे भीती, आणि एकतीस म्हणजे घरमालक. पोरंटोरंसुद्धा आकडा ऐकला की ते नाव ओरडतात.

"मग असू दे घरमालक," ती म्हणाली. "चेसीदिओ जन्मात एकदा तरी कुणाच्या उपयोगी पडू दे."

दुसऱ्या दिवशी तिनं रेमोला ब्रेडमध्ये मोर्तादेल्ला सॉसेजचे काप भरून नेले आणि सगळं खरं सांगितलं, दगडापासून. तो चावत ऐकत होता.

"नुसतं एकतीस? पुढे बत्तीस नको?"

"नको. एकतीसवर थांबायचं आणि रडायचं."

"मला रडायला कांदा लागतो, सेत्ते."

"कांदा मी आणते. आणि तिच्याकडे बघून म्हण. कॅमेऱ्याकडे नको."

शूटिंगच्या दिवशी दासी तीन म्हणून क्वाद्रारोची नीवेस होती, चांगली पोरगी, पण हसरी. बाण मी स्वतः तिच्या अंगरख्यात शिवला. आजूबाजूला मेलेले सैनिक पडले. रेमो गुडघ्यावर बसला, नीवेसला मांडीवर घेतलं, मान खाली घातली, आणि दुःखानं म्हणाला, "एकतीस."

"घरमालक," एक मेलेला सैनिक म्हणाला.

दुसऱ्या मेलेल्याला हसू आवरेना. नीवेसचं पोट हलायला लागलं, तिच्या छातीतला बाण डुलायला लागला. बोनाकोर्सी खुर्चीतून उठला. फिल्म महाग, ऊन उतरायला आलेलं.

"एकतीस का?" तो रेमोवर खेकसला. "नेहमीसारखा एकपासून मोज."

सेत्तिमिया कॅमेऱ्याशेजारी कागद घेऊन बसली होती.  ती तोंड उघडणार होती, मला दिसलं, आणि ती बोलली असती तर सगळंच संपलं असतं. पण रेमोच बोलला. त्याला एवढं एका दमात बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"दोत्तोरे, एक ते दहा मी सम्राटाला दिलेत. अकरा ते वीस राणीला दिलेत. ही पोरगी माझ्यासाठी मेली. तिला काय लोकांचे उष्टे आकडे द्यायचे? तिला तिचा एक असू द्या."

बोनाकोर्सीनं चष्मा काढून पुसला. "तू विचार कधीपासून करायला लागलास?"

"आजच," रेमो म्हणाला.

"बरं. एकतीस. पण कुणी हसलं तर मी खरे बाण मागवीन."

मी सुई-दोरा घेऊन पुढे गेले, अंगरखा नीट करते म्हणाले, आणि नीवेसच्या कंबरेशी एक टाचणी अशी लावली की पोट हललं की टोचली पाहिजे. तिच्या कानात तसं सांगितलंही. दुसऱ्या वेळी ती बिचारी श्वास घ्यायलाही भ्यायली, आणि इतकं सुंदर प्रेत मी आयुष्यात पाहिलेलं नाही. रेमोनं तिच्या तोंडावरचे केस बाजूला केले. "एकतीस," तो म्हणाला, अगदी हळू, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. कांदा माझ्या खिशात होता. त्यानं मागितलाच नव्हता.

उरली डबिंगची खोली. मी तिथे असण्याचं काही कारण नव्हतं; एक बटण तुटलंय असं सांगून मी आत शिरले आणि कोपऱ्यात बसले. रेमोला आवाज द्यायला तुल्लिओ होता, टक्कल पडलेला, पोट सुटलेला, आणि आवाज असा की ऐकणारीनं चूल सोडून यावं. तेवढा तुकडा पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरत होता. रेमो वाकतो, केस सारतो, ओठ हलतात. वाकतो, केस सारतो, ओठ हलतात.

"इथे नुसतं संगीत," बोनाकोर्सी म्हणाला.

सेत्तिमिया कागद चाळत होती. मान वर न करता म्हणाली, "ओठ हलतायत, दोत्तोरे. तेस्ताच्चोत 'आवाज, आवाज' म्हणून ओरडतील."

तेस्ताच्चोचं नाव काढलं की पोर्चोनंतर तो लगेच नमतं घ्यायचा. "बरं, मग म्हण, बिचारी."

तुल्लिओ म्हणाला, "बिचारी." बसेना. 'ब'ला ओठ मिटतात, रेमोचे मिटत नव्हते. "प्रिये," म्हणून बघितलं, तेच. "मुली," तेच. पडद्यावर रेमो एक बोलतोय आणि कानात दुसरंच, जसं काही त्याच्या मागे कुणीतरी लपलंय. तुल्लिओला घाम आला. त्याची जेवायची वेळ टळून चालली होती.

"मग म्हणू तरी काय?" तो वैतागला.

"रेस्तुता," सेत्तिमिया म्हणाली.

"कोण?"

"म्हणून तर बघा."

तुकडा फिरला. रेमो वाकला. "रेस्तुता," तुल्लिओ म्हणाला, आणि मी शपथेवर सांगते, रेमोच बोलला.  मला स्वतःचाच राग आला, कारण मी त्या दगडाची जन्मभर टिंगल केली होती.

 मग बोनाकोर्सीचे ओठ हलले, नुसते, आवाज न करता. एकदा तसे, एकदा असे. मग तो वळला.

"एकतीस," तो म्हणाला. "सेत्ते, तो एकतीस तुझा होता."

"हो."

मला वाटलं आता हिला हाकलतो. त्यानं चष्मा कपाळावर चढवला. "हे राहील, कारण दुसरं काही बसत नाही. पण तेस्ताच्चोत याचं पोर्चो झालं, तर टाईपरायटर उचलायचा आणि चालू लागायचं. समजलं?"

"समजलं, दोत्तोरे."

"पुढचं रीळ."

सिनेमा लागला तेव्हा आम्ही रविवारी दुपारी जाऊन बसलो. थिएटर खचाखच, धूर एवढा की पडदा निळा दिसावा, सगळे खारवलेल्या लुपीनच्या बिया चघळतायत आणि सालं पुढच्याच्या मानेवर थुंकतायत. बोनाकोर्सी मागे भिंतीला टेकून उभा होता, टोपी खाली ओढून. सेत्तिमियानं तिचा चांगला कोट घातला होता, कॉलर मीच उलटून शिवलेली.  मी तिला म्हणाले, गेली नोकरी तर गेली, माझ्याकडे काज-बटणं करायला ये. ती म्हणाली, "नोकरीचं नाही गं. तिला हसले तर मी तिला काय तोंड दाखवू?"

बाण लागला. नीवेस पडली. रेमोनं तिला मांडीवर घेतलं, केस बाजूला केले.

"रेस्तुता."

 आणि मग वरच्या मजल्यावरून एक हमाल रेमोची नक्कल करत, गळा काढून ओरडला, "रेस्तुताऽ."

खालून दुसरा, "रेस्तुता, ऊठ गं, शेवया गार होतायत."

मग तर काय. या कोपऱ्यातून रेस्तुता, त्या कोपऱ्यातून रेस्तुता, पोरं बाकांवर उभी राहून रेस्तुता. बोनाकोर्सीनं टोपी सबंध तोंडावर ओढून घेतली. माझं डोकं फिरलं. मी पायातली चप्पल काढली, वरचा तो हमाल मला माहीत होता, त्याच्या आईच्या दोन पोशाखांची शिलाई मी केली होती. सेत्तिमियानं माझं मनगट धरलं.

"बस," ती म्हणाली. "ऐक."

ती ताठ बसली होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मला वाटलं, संपलं सगळं. मग मला ऐकू आलं ते. आमच्या मागच्या रांगेत एक बाई पोराला मांडीवर घेऊन बसली होती, तिनं शेजारणीला विचारलं, "काय म्हणाला गं तिचं नाव?"

"रेस्तुता."

"बिचारी रेस्तुता," बाई म्हणाली आणि नाक पुसलं. "त्यानं आधी हाक मारायला हवी होती."

गोंधळ हळूहळू उतरला. सिनेमा संपला तेव्हा लोक सालं तुडवत बाहेर पडले आणि जिन्यावर, दारात, चौकात, एकमेकांना त्याच नावानं हाका मारत होते. वीराचं नाव कुणाला आठवत नव्हतं. बोनाकोर्सी दारात उभा होता. सेत्तिमिया त्याच्यासमोर जाऊन थांबली, कोटाची बटणं नीट लावून, जे काय असेल ते ऐकायला तयार. त्यानं रस्त्यावर ओरडत जाणाऱ्या पोरांकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"पुढच्या सिनेमात सगळ्यांना मुकं करतो," तो म्हणाला. "सोमवारी वेळेवर ये."

आमच्या गल्लीत वळलो तर वरच्या खिडकीतून चेसीदिओची बायको खाली खेळणाऱ्या नातीला ओरडत होती, "रेस्तुता, वर ये, हात धू." त्या पोरीचं नाव काहीतरी वेगळंच होतं.

पुढच्या रविवारी आम्ही आपियाला गेलो. आर्टिचोकच्या मळ्यात माळी वाफे करत होता. सेत्तिमिया भिंतीतल्या दगडासमोर उभी राहिली. मला वाटलं, आता ही काहीतरी लांबलचक बोलणार, म्हणून मी बूड टेकायला जागा शोधायला लागले.

"सगळ्या तेस्ताच्चोनं हाक मारली," ती दगडाला म्हणाली. बस, एवढंच.

इतकी वर्षं मी त्या दगडासमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. दगडाशी बोलायला मी काय वेडी आहे? पण त्या दिवशी माझ्या तोंडून निघालंच. "रेस्तुता," मी म्हणाले.

सेत्तिमियानं माझ्याकडे बघितलं.

"आता माझं घे," ती म्हणाली. "सात नको. पुरं घे."

मी घेतलं. आडनावासकट घेतलं, आणि एवढ्या मोठ्यानं की माळी खुरपं टाकून बघायला लागला.

"हं," सेत्तिमिया आवेन्तिनी म्हणाली. "चल, बस चुकेल."